गाल आमचा, नकाशा कुणाचा?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कर्करोगावर लेख लिहावा, हे काहींना अस्थानी वाटेल. "हा शास्त्र शाखेचा प्रांत. आपण आपले कवितेवर लिहावे, फार तर हुंड्यावर," असे मैत्रिणींनी सुचविलेही. परंतु काही रोग केवळ शरीराचे नसतात. एखाद्या प्रदेशाच्या चालीरीती, पाहुणचार, शेतातले श्रम आणि बोली यांच्याशी त्यांची मुळे गुंतलेली असतात. गालाच्या आतील कर्करोग हा असाच रोग आहे. तो आपल्या मुलखाचा रोग आहे. म्हणून त्यावर बोलण्याचा अधिकार जितका डॉक्टरांना, तितकाच आपल्यालाही आहे, असे माझे नम्र मत आहे. एवढेच नव्हे, तर आज शास्त्रज्ञांना आपली गरज आहे. ती कशी, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या खानदेशात तंबाखूला व्यसन मानण्याची रीतच नाही. दारू पिणारा तो व्यसनी. तंबाखू खाणारा मात्र चारचौघांसारखा माणूस! केळीच्या बागेला रात्री पाणी धरणारा गडी झोप येऊ नये म्हणून बार भरतो. कापूस वेचणारी बाई भूक मारण्यासाठी चिमूट दाढेखाली धरते. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यामागोमाग चुन्याची डबी पुढे सरकते. घरोघरच्या आजीबाई तव्यावर तंबाखू भाजून तिची मिसरी करतात आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळतात. कुणी काही बोललेच तर ठरलेले उत्तर मिळते, "तंबाखूघाई काही व्हत नही." आजोबांनी खाल्ली, बापाने खाल्ली, आता नातू गुटख्याची पुडी दाताने फाडतो.

होते काय, ते पाहा. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये एक खोबण असते. तंबाखूचा बार नेमका तेथेच धरला जातो, आणि तोही तासन् तास. आपल्या देशातील तोंडाचे कर्करोग बहुतांशी याच जागी, म्हणजे गालाच्या अस्तरात व खालच्या हिरडीत उद्भवतात. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग मुख्यतः जिभेवर आणि जिभेखाली आढळतो. तिकडची कारणे सिगारेट आणि मद्य. इकडची तंबाखू, चुना आणि सुपारी. नाव एकच असले तरी रोगाची जागा निराळी, कारण निराळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ८९ हजार नवे रुग्ण झाले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातले होते. त्याच वर्षी सुमारे ८० हजार भारतीय या रोगाने दगावले. जगातल्या तीन रुग्णांपैकी एकाहून अधिक आपला असेल, तर या रोगाच्या अभ्यासातही आपला वाटा तेवढाच असावयास नको काय?

या अभ्यासाचा पाया आपल्याकडेच घातला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात माणसाच्या चालीरीती आणि कर्करोग यांचे नाते दाखविले. कमरेला घट्ट धोतर बांधण्याने होणारा, पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढल्याने होणारा आणि ओठामागे खैनी धरल्याने होणारा, असे तीन प्रकार त्यांनी मांडले. रोग्याची गाठ पाहण्याआधी त्याचे धोतर आणि त्याची डबी पाहणारा हा शास्त्रज्ञ! विज्ञान आणि समाजशास्त्र यांच्यामध्ये त्यांनी भिंत मानली नाही. ती आपण आपल्या महाविद्यालयांतून उभी केली.

खानोलकरांच्या हाती मुख्य साधन होते ते सूक्ष्मदर्शकाचे. गाठीचा बारीक तुकडा काढायचा, मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप घ्यायचा आणि त्याला जांभळा व गुलाबी रंग द्यायचा. म्हणजे पेशीचे केंद्रक जांभळे दिसते आणि भोवतालचे सारे गुलाबी. पेशींचा आकार बिघडला आहे काय, त्या आपली जागा सोडून खोल शिरल्या आहेत काय, हे त्यावरून कळते. आजही कर्करोगाचे निदान याच रीतीने होते, आणि ती रीत भरवशाची आहे. परंतु आकार बिघडणे ही बरीच पुढची पायरी झाली. घर कलले की कुणालाही दिसते. पायात पाणी कधी मुरू लागले ते दिसत नाही. पेशीचे रूप बदलण्याआधी तिच्यातले रेणू बदलू लागतात. स्निग्ध पदार्थ, प्रथिने, केंद्रकातील आम्ले यांचे प्रमाण हलते. हे रेणू गाठीत कोठे किती आहेत याचा नकाशा काढणे, याला रेणुचित्रण म्हणता येईल.

त्याच्या रीती अनेक आहेत. त्यांपैकी दोन समजण्यासारख्या आहेत. पहिली वजनाची. गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट रसायनाचा थर देतात आणि लेसर किरणाचा बारीक ठोका एकेका बिंदूवर मारतात. त्या बिंदूतून उडालेले रेणू यंत्र तोलते. असे हजारो बिंदू तोलले की कोणता रेणू कोठे दाटला आहे याचे चित्र तयार होते. ही रीत अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये पुढे आणली.

दुसरी रीत प्रकाशाची आहे, आणि तिचे मूळ आपल्या देशात आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात दाखवून दिले की पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरतो तेव्हा त्यातील अत्यल्प अंश आपला रंग किंचित बदलून बाहेर येतो. हा अंश किती? साधारण एक कोटी कणांत एखादा! परंतु तो कण रेणूची ओळख घेऊन येतो. प्रत्येक रेणूची रंग बदलण्याची तऱ्हा वेगळी असते. येथे काप नको, रंग नको, मेण नको. जिवंत गालावर प्रकाश टाकला तरी उत्तर मिळू शकते. ज्या शोधासाठी आपण दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, भाषणे देतो आणि चहा पिऊन घरी जातो, त्या शोधाचा आपल्या पारावरच्या माणसाच्या गालाशी असा संबंध आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. खानोलकरांनी १९५२ मध्ये उभारलेल्या कर्करोग संशोधन केंद्राचाच वारसा आज नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था चालविते. तेथे डॉ. मुरली कृष्ण आणि त्यांचे सहकारी यांनी टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सकांच्या साहाय्याने रुग्णांच्या गालाच्या आतून रामन वर्णपट घेतले. निरोगी गालाच्या वर्णपटात स्निग्ध पदार्थांच्या खुणा ठळक असतात. गाठीच्या वर्णपटात त्या मावळतात आणि प्रथिनांच्या खुणा वर येतात. कर्करोग होण्यापूर्वीचे चट्टे या प्रकाशाने ओळखता येतील काय, यावरचा त्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये त्यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला. एका गालात गाठ असलेल्या रुग्णाचा दुसरा, वरवर धडधाकट दिसणारा गाल खरोखरच निरोगी असतो काय? आणि तंबाखू खाणाऱ्याचा डोळ्यांना स्वच्छ दिसणारा गाल हा न खाणाऱ्याच्या गालासारखाच असतो काय? वर्णपटात फरक दिसू लागतो, असे त्यांना आढळले. "काही व्हत नही" म्हणणाऱ्याला यापेक्षा अधिक स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

जनुकांच्या बाबतीतही हेच दिसले. गाल-हिरडीच्या कर्करोगातील जनुकांचे बिघाड शोधण्याचे काम भारताने आंतरराष्ट्रीय प्रकल्पात आपल्याकडे घेतले. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी मिळून आधी ५० आणि मग ताळा पाहण्यासाठी आणखी ६० रुग्णांच्या गाठी तपासल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. काही बिघाड जगभरच्या डोके-मानेच्या कर्करोगांत आढळतात तेच होते. परंतु पाच जनुकांतील बिघाड या गाल-हिरडीच्या रोगाचे विशेष म्हणून पुढे आले. याउलट २०१५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या प्रकल्पाने २७९ गाठींचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात गालाच्या अस्तराचे नमुने थोडेच होते. जगभरचे संशोधक त्या नकाशाचा आधार घेतात. दोष त्यांचा नाही. त्यांनी आपल्या दारचे रुग्ण तपासले. पण दुसऱ्याच्या शिवाराचा सातबारा हाती घेऊन आपण आपल्या शेतात विहीर कोठे खणणार?

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "कारण तर माहीत आहे. तंबाखू बंद करा, रोग बंद होईल. मग ही लाखो रुपयांची यंत्रे कशाला?" तंबाखू बंद व्हावी याबद्दल दुमत नाही. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखाबंदी आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. तरीही पुडी ज्या गावात मिळत नाही असे गाव मला कुणी दाखवावे! २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोक धूरविरहित तंबाखू सेवन करतात. समजा, उद्या पहाटे साऱ्या डब्या तापीच्या पात्रात बुडाल्या. तरी ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे बार धरला आहे ते गाल आपल्याजवळ राहणारच. कुणाच्या गालात पांढरा चट्टा आहे. कुणाला तिखट सोसत नाही, तोंडात दोन बोटेही जात नाहीत. अशा सर्वांना कर्करोग होत नाही, काहींनाच होतो. तो कुणाला होणार? चट्टा पाहून डॉक्टरलाही ते छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचा तुकडा काढणेही शक्य नाही. रेणुचित्रणाची खरी गरज येथे आहे. ते अजून तालुक्याच्या दवाखान्यात पोचलेले नाही आणि आज बायोप्सीची जागा ते घेऊ शकत नाही, हे मान्य. पण म्हणून ते थांबवावे काय? पीक जळाल्यावर पंचनामा करण्यापेक्षा कीड कोणत्या पानावर आहे ते आधी कळलेले बरे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. यंत्राने काढलेला नकाशा कितीही बारीक असला तरी तो मुका असतो. या बिंदूत स्निग्धांश घटला, त्या बिंदूत प्रथिन वाढले, एवढे तो सांगेल. पण बार कोणत्या गालात धरला होता, कितव्या वर्षापासून, नुसती तंबाखू की चुन्यासह, गुटखा की मिसरी, रात्री तो तोंडात ठेवूनच झोप लागत होती काय, हे यंत्राला कळत नाही. ते माणसालाच विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी भाषा लागते. साधे उदाहरण घ्या. आपल्याकडील एखाद्या म्हाताऱ्या बाईला "तंबाखू खाता का?" असे विचारले तर ती तात्काळ "नाही" म्हणेल. ती खोटे बोलत नाही. तिच्या लेखी मिसरी ही तंबाखू नव्हेच. ते दात घासणे आहे! कागदावर मात्र 'व्यसन नाही' अशी नोंद होईल, तिच्या गालाचा नकाशा न खाणाऱ्यांच्या गठ्ठ्यात पडेल आणि सारा हिशेब चुकेल. यंत्र लाखाचे, आणि चूक एका शब्दाची! अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली बोलणाऱ्या आपल्या दोन-तीन जिल्ह्यांत असे किती शब्द असतील, याची मोजदाद कुणी करावयाची? ते काम भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे नाही. ते आपले आहे.

दुसरी गोष्ट संमतीची. गाठीचा तुकडा निदानासाठी काढला, पण त्यावर संशोधन करावयाचे तर रुग्णाची परवानगी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यावयास हवी. पण 'सदर संशोधन प्रकल्पात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी हरकत नाही' हे वाक्य मराठी असले तरी अमळनेरच्या किंवा साक्रीच्या शेतमजुराला ते कितपत समजेल? त्यातून "सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. त्यामुळे माणूस बायोप्सीलाच नकार देतो, झाडपाला करीत बसतो, आणि गालाला भोक पडल्यावर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून परळच्या खेपा घालणाऱ्यांत आपल्याकडची माणसेही असतात. उशीर झालेला असतो. तो पैशाअभावी जेवढा, तेवढाच भीतीने आणि न कळल्यामुळेही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे गल्लीतील लोक वीजबिलापासून दवाखान्याच्या कागदापर्यंत सारे माझ्याकडे घेऊन येतात. गेल्या वर्षी एक काकू नवऱ्याच्या तपासणीचा इंग्रजी कागद घेऊन आल्या. त्यावर 'वेल डिफरन्शिएटेड स्क्वेमस सेल कार्सिनोमा' असे छापलेले होते. आठवीतल्या त्यांच्या मुलाने 'वेल' एवढा शब्द ओळखून "वेल म्हणजे बरं, बाबा बरे आहेत" असे घरात सांगून टाकले होते, आणि घरात पंधरा दिवस समाधान होते. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की कर्करोगाच्या पेशी अजून मूळच्या पेशींसारख्या दिसत आहेत. कर्करोग तो कर्करोगच. मी शब्दकोश पाहिला, सरांना विचारले आणि मग त्यांना सांगितले. त्या पंधरा दिवसांची भरपाई कोणत्या यंत्राने होणार? ज्या घरात असा कागद वाचणारे कुणीच नसेल, तेथे किती पंधरवडे जात असतील!

अशा कामासाठी घरोघर जाणे अशक्य असते, असे कुणी म्हणेल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. अशी ती देशातील पहिलीच. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, तेव्हा खेड्यातला रोग कागदावर आला. बार्शीला जे जमले ते जळगाव-धुळ्याला का जमू नये?

मला तीन गोष्टी सुचतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. एका वर्षी तंबाखू, सुपारी, मिसरी यांच्या सवयींसाठी आपल्या बोलींत कोणकोणते शब्द आहेत, ते गावोगाव फिरून गोळा करावेत आणि तो कोश येथील वैद्यकीय महाविद्यालयांना द्यावा. मराठी विभागाने संशोधनाच्या संमतिपत्राचा एक नमुना घेऊन तो बोलीत, मोठ्याने वाचून कळेल असा लिहावा. भाषांतराचा याहून चांगला स्वाध्याय कोणता? आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल आधीच क्षमा मागते. आपल्या वसतिगृहाच्या मागील भिंतीवर जे लाल पट्टे आहेत ते बाहेरच्या लोकांनी येऊन रंगविलेले नाहीत, आणि डबी केवळ विद्यार्थ्यांच्याच खिशात असते असेही नाही. ज्यांना आरशात आपल्या गालात पांढरा चट्टा दिसतो, किंवा ज्यांचे तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, त्यांनी वार्षिक परीक्षेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

रामन यांचा प्रकाश खारघरपर्यंत आला आहे. तेथून खानदेशपर्यंतचे अंतर रेल्वेने एका रात्रीचे. त्या प्रकाशापुढे आपल्या माणसाने न भिता तोंड उघडावे आणि आपली खरी हकीकत आपल्या बोलीत सांगावी, एवढी तयारी करून देणे आपल्या हाती आहे. तेवढे आपण केले, तरी गाल-हिरडीच्या या रोगाचा जो नकाशा उद्या तयार होईल, त्यात आपला मुलूख रिकामा राहणार नाही.